दाराआडचं माप

दिवस १२. सकाळी ६.१०. २००.

"लिव. दोनशे."

न्हाणीच्या पत्र्याच्या दाराआडून आप्पांचा आवाज आला. मी बाहेर कट्ट्यावर वही मांडीवर घेऊन बसले होते. दोनशे लिहिलं. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, भांडं विसळल्याचा आला, पुन्हा पाणी ओतल्याचा आला.

"लिवलंस?"

"लिवलं, आप्पा."

"वेळ?"

"सहा धा."

"हं. जा आता."

मी उठून आत गेले. सासऱ्यांनी हातात झाकलेलं भांडं घेऊन न्हाणीतून बाहेर पडावं आणि सून समोर बसलेली असावी, हे आमच्या घरात बसण्यासारखं नव्हतं. कुणी तसं बोलून दाखवलं नाही. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, जा आता, आणि मी गेले.

असं दिवसातून पाच-सहा वेळा. पिशवी भरत आली की आप्पा न्हाणीत जायचे, ती मापाच्या भांड्यात रिकामी करायचे, आकडा सांगायचे. आकडा त्यांचा, अक्षर माझं.

दिवस ० ते १०.

ह्या दिवसांचे आकडे वहीत नाहीत. ते दवाखान्याच्या कागदावर आहेत.

आप्पांना, म्हणजे हिंदुराव चौगल्यांना, आतड्याच्या अगदी खालच्या टोकाला गाठ निघाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात ती कापून काढली आणि आतडं जोडलं. तो जोड भरून येईपर्यंत त्यावरून काही जाऊ नये म्हणून लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलं. बेंबीच्या उजव्या अंगाला, रुपयाएवढं, लालभडक, कायम ओलं. त्यावर पिशवी चिकटवलेली. खाल्लंप्यालं सगळं तिथूनच बाहेर यायचं, विचारून नाही, सांगून नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, "नव्वद दिवस. तब्येत नीट राहिली, रक्त चांगलं आलं, तर आतडं आत घालून पोट शिवून टाकू. पिशवी गेली."

"नव्वद," आप्पा म्हणाले. त्यांना आकडा मिळाला की बरं वाटायचं.

पिशवीचं सगळं शिकवायला लोहार सिस्टर होत्या. त्यांनी आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माझा नवरा उत्तमला आणि मला खाटेभोवती उभं केलं आणि आप्पांच्या पोटावरची चादर बाजूला केली. आप्पांनी ती परत ओढून घेतली.

"अहो बाबा, घरात कुणाला तरी यायला पाहिजे ना हे."

"मी हाय की."

"तुम्हाला चक्कर आली तर?"

"न्हाई येत."

सिस्टरनी आमच्याकडं पाहिलं. आत्तींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, उत्तम फौंड्रीत तीन पाळ्यांत. माझ्याकडं बघून आप्पा म्हणाले, "हिनं वही लिवावी. बारावी झालीया."

मग सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. चोवीस तासांत किती निघालं ते मोजायचं. दीड लिटरच्या वर गेलं की फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. वजन आठवड्याला. पंधरा दिवसांनी रक्त. साधं पाणी ढसाढसा द्यायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायचं. "साधं पाणी जास्त गेलं की ते तसंच पिशवीत उतरतं, आणि जाताना अंगातलं मीठ घेऊन जातं. माणूस पाणी पीत पीत वाळतो. हे घरच्यांना पटत नाही. तुम्ही पटवा."

त्यांनी मापाचं नवं भांडं दिलं, दहा-दहा मिलीच्या बारीक रेघांचं. आप्पांनी ते पिशव्यांच्या खोक्यात टाकून दिलं. त्यांच्याकडं त्यांचं स्वतःचं होतं. दूध संस्थेतून निवृत्त होताना आणलेलं, जाड पारदर्शक प्लास्टिकचं, शंभर-शंभरच्या ठळक रेघांचं. एकतीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ त्यांनी गावाचं दूध मापलं होतं. त्यांनी आकडा पुकारायचा, शेजारी बसलेल्यानं लिहायचा.

गावी परतताना जीपमध्ये पिशवी एका कडेनं सुटली. ड्रायव्हरनं फक्त काच खाली केली. आप्पा घरापर्यंत पुढं बघत बसले. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाले, "ही सुटंस्तवर मी उंबऱ्याभाईर पडणार न्हाई. नव्वद दिवस."

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी पेन्सिलीनं मोजून एक दिवस गोल केला.

दिवस २८. वजन ६१. एकूण १२००.

पहिली तपासणी. आप्पा गाडीत दोन टॉवेल पोटाशी घेऊन बसले, पण काही झालं नाही.

लोहार सिस्टरनी वही चाळली. "कुणी लिहिलीय?"

"मी."

"माप?"

"माप माझं," आप्पा म्हणाले. "संस्थेत मापावर हुतो मी. एकतीस वर्षं."

"बाबा, बाकीचे पेशंट काय लिहून आणतात माहितीय? 'थोडं.' 'बरंच.' 'काल बरं होतं.' एकानं तर महिनाभर रोज 'वरीलप्रमाणे' लिहिलं होतं." त्या हसल्या. "अशी वही मी पाहिली नाही. ही दुसऱ्यांना दाखवायला पाहिजे."

गाठीसाठी तपासलेलं रक्त चांगलं आलं. अंगातलं मीठ थोडं कमी होतं. सिस्टर म्हणाल्या, पेजेत मीठ वाढवा, लोणच्याचा खार द्या, बाकी उत्तम. बाकी उत्तम म्हणताना माझ्या नवऱ्यानं उगाच मान वर केली, तेव्हा सगळेच हसले. आप्पासुद्धा.

येताना सांगली फाटा गेल्यावर आप्पा पुढच्या सीटवरून मान न वळवता म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुझं."

दिवस ३६. वजन ५९.५. एकूण १३००.

हौसाक्का आली. दोन म्हशींवर संसार ओढलेली बाई, आयुष्यभर आप्पांच्या मापात दूध घातलेली. येताना वाटीभर दही घेऊन आली होती. सोप्यात खाटेवर आप्पा अंगावर चादर घेऊन बसले होते.

"काय वो हिंदुराव, वाळलायसा की लई."

"ऊन हाय."

"ऊन सगळ्यास्नीच हाय. मी कुठं वाळलोय?" ती भिंतीला टेकून बसली. "सून माप लिवतिया म्हणं तुमचं?"

"डागदरनं सांगितलंय," आत्ती म्हणाल्या.

"बरं झालं. आमच्या म्हशीचं किती दूध ह्यांच्या मापात जिरलं, देव जाणं. आता ह्यांचं कोण जिरवतंय बघू."

"हौसा, आजारी माणसाला असलं बोलत्यात काय."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. त्यांच्या ओठांवर हसू होतं. हौसाक्काशी भांडताना ते तसेच दिसायचे. "बरोबर हाय तिचं. वरचं न्हाईच धरत मी. तीनशे ऐंशी आलं तरी तीनशेच पुकारलं. फेस असतोय. भांड्याला चिकटतंय. कॅन टँकरात ओतंस्तवर घट येत्या. ती कुणी भरायची, संस्थेनं? म्हणून वरचं सोडायचं. पहिल्या दिवशी मला शिकवलं ते हेच."

"गरिबाचं सोडायचं."

"समद्यांचं सोडलं. सरपंचाचं सोडलं, माझ्या घरचं सोडलं. विचार हिला."

"सोडलंया," आत्ती म्हणाल्या. "भांडलो हुतो मी त्यापायी."

हौसाक्का हसायला लागली. "ह्या माणसानं स्वतःच्या म्हशीला बी फसवलं, आणि वर म्हणतोय माप चोख."

"चोखच हुतं. रोज एकसारखं. त्यालाच चोख म्हणत्यात."

मी चहा घेऊन बाहेर आले. आप्पांनी बशीत ओतून चहा संपवला, माठातलं दोन तांबे पाणी प्याले, आणि थोड्या वेळानं पोटाला हात लावून उठले. मी वही घेऊन कट्ट्यावर गेले.

"लिव. दोनशे."

दिवस ४२. वजन ५८. एकूण १३००.

विशेष काही नाही.

दिवस ४५. वजन घेतलं नाही. एकूण १३००.

रक्ताची तारीख होती, म्हणून लोहार सिस्टरना फोन केला. गाडी मिळत नव्हती, उत्तमची पाळी होती, आणि बाहेर नुसती आग होती.

"किती येतंय?"

"तेराशे."

"वजन?"

"तीन दिवसांपूर्वी अठ्ठावन्न."

"तीन किलो उतरलं. तेराशे असताना एवढं उतरायला नको. जेवतात का?"

"कमी जेवतात."

"उन्हाचं होतं तसं. थोडं थोडं, पण सारखं खायला घाला. लघवी?"

"होते म्हणतात."

"आकडे चांगले आहेत तर एवढ्या उन्हात धडपड करू नका. पुढच्या आठवड्यात या, तेव्हा रक्त घेऊ."

मी फोन ठेवला. आत्तींना सांगितलं, पुढच्या आठवड्यात. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, ह्या उन्हात कुठं नेतीस.

त्यानंतर आप्पा मीठ-साखरेच्या पाण्याला तोंड फिरवायला लागले. मळमळतं म्हणायचे. माठाजवळ जाऊन तांब्या तोंडाला लावायचे. आत्ती माठ दिवसातून दोनदा भरायच्या, त्यात वाळ्याची जुडी टाकायच्या. तहानलेल्या नवऱ्याला पाणी देऊ नको असं त्यांना कसं सांगायचं ते मला कधीच जमलं नाही.

दिवस ५३.

सकाळी मी कट्ट्यावर बसले. आतून आवाज येईना.

"आप्पा?"

पाण्याचा आवाज नाही, भांड्याचा नाही. मी दार वाजवलं. कडी आतून. उत्तम रात्रपाळी नसल्यानं घरातच होता, त्यानं पत्रा बिजागरीतून उचलून काढला. आप्पा भिंतीला टेकून खाली बसले होते. भांडं दोन्ही हातांत सरळ धरलेलं. पोटऱ्या दगडासारख्या वळल्या होत्या आणि डोळे खोल गेले होते. काहीतरी म्हणत होते, पण जीभ टाळ्याला चिकटत होती. उत्तमनं भांडं त्यांच्या हातातून सोडवलं आणि मोरीत ओतून दिलं.

दवाखान्यात आमच्या वाट्याला एक तरुण डॉक्टर आल्या, शेख मॅडम. त्यांनी लगेच सलाईन लावलं, रक्त पाठवलं. तासाभरानं कागद घेऊन आल्या तेव्हा चालताना वाचत होत्या.

"मीठ फार उतरलंय. किडन्या जवळजवळ बंद आहेत. एवढं पाणी अंगातनं गेलं कुठनं? उलट्या?"

"नाहीत," उत्तम म्हणाला.

"ताप? जुलाब म्हणजे पिशवीत जास्त?"

"वही आहे, मॅडम."

त्यांनी वही उभ्या-उभ्याच पाहिली. "तेराशे. तेराशे. बाराशे. तेराशे." त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पिशवीतून जास्त जात नाहीये. मग हे किडनीचंच काहीतरी वेगळं असणार. हे आकडे बरोबर आहेत ना?"

"आप्पांचं माप आहे," उत्तम म्हणाला. "आमच्या गावात कुणालाही विचारा."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं पाहिलं.

त्यांनी सोनोग्राफी सांगितली. आप्पांना तिकडं नेलं, रांग होती, परत आणलं. दीड तास गेला. सोनोग्राफीत काही निघालं नाही. मॅडम परत आल्या तेव्हा वही त्यांच्या हातात उघडीच होती आणि एक बोट पानावर होतं.

"हे बघा. दोनशे. तीनशे. शंभर. दोनशे. बेचाळीस दिवसांची वही, रोजच्या पाच-सहा नोंदी. प्रत्येक आकड्याच्या शेवटी दोन शून्यं आहेत. एकदाही दोनशे वीस नाही, तीनशे चाळीस नाही. माणसाचं पोट शेकड्यात वाहतं का?"

खाटेवर आप्पांनी डोळे मिटलेले होते. आत्ती स्टुलावर बसून त्यांचा पाय दाबत होत्या, त्यांचा हात थांबला.

"वरचं सोडतात," मी म्हटलं.

"काय?"

"शंभराच्या रेघेच्या वरचं. ते धरत नाहीत. तीनशे ऐंशी आलं तर तीनशे सांगतात. दूध संस्थेत तसंच होतं."

मॅडमनी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेनानं गणित केलं. प्रत्येक वेळी साठ, सत्तर, ऐंशी. दिवसाला सहा वेळा. "सतराशे. अठराशेसुद्धा. रोज." त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरना हाक मारून सलाईन वाढवायला सांगितलं, पिशवीतलं कमी करायचं औषध लिहिलं, आणि म्हणाल्या, "हे सुरुवातीलाच कळलं असतं तर."

उत्तम माझ्याकडं वळला. "तुला कवापासनं म्हाईत?"

दिवस ४२, पुन्हा.

विशेष काही नाही असं वर लिहिलंय. वहीतही तसंच आहे.

त्या दिवशी दुपारी वळवाचा वारा सुटला होता. न्हाणीच्या दाराची कडी झिजलेली होती. मी कट्ट्यावर होते, आणि दार चार बोटं उघडलं. आप्पांची पाठ दिसली, बनियन घामानं चिकटलेलं. त्यांनी भांडं हात लांब करून झरोक्याच्या उजेडात धरलं होतं, एक डोळा मिटून, संस्थेत धरायचे तसं. आतलं पातळ होतं, पाण्यासारखं. आणि ते चारशेच्या रेघेखाली जेमतेम एका बोटाची कड सोडून होतं.

"लिव. तीनशे."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. हौसाक्काशी त्यांचं बोलणं सहा दिवसांपूर्वी झालेलं. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नव्हतं. आता कळलं.

"लिवलंस?"

"लिवलं."

"किती?"

हे त्यांनी त्याआधी कधी विचारलं नव्हतं.

"तीनशे," मी म्हटलं.

"हं."

दार आतून ओढलं गेलं. संध्याकाळी आप्पांनी हत्यारांची पेटी काढली आणि न्हाणीच्या दाराला नवी कडी बसवली. चार स्क्रू पिळायला त्यांना अर्धा तास लागला. मध्ये दोनदा खाली बसले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मदतीला गेले नाही.

नंतर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी गणित केलं. शेख मॅडमनी केलं तेच. सतराशे वीस आलं. लोहार सिस्टरचा नंबर कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलेला होता, गोल केलेल्या तारखेच्या वर. अठ्ठेचाळीस दिवस उरले होते. फोन केला असता तर त्या म्हणाल्या असत्या, उद्यापासून माप तुम्ही घ्या. म्हणजे मी न्हाणीत जायचं. म्हणजे आप्पांना सांगायचं की तुमचं माप चुकतंय.

हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. मर्यादा आडवी आली, असं.

ते पुरतं खरं नाही. मी त्या घरात आले त्याला सहा वर्षं झाली होती. मूल झालं नव्हतं. आप्पा वाईट वागले नाहीत, पण मला काही सांगायचं असेल तर ते भिंतीला सांगायचे किंवा आत्तींना. तिला म्हणावं पाणी तापव. तिला म्हणावं कोण आलंय बघ. वही आल्यापासून दिवसातून सहा वेळा ते दाराआडून मला विचारत होते, लिवलंस? आणि मी उत्तर देत होते. आवाज एकमेकांना ओळखीचे झाले होते. कधी आकड्यानंतर ते एखादं वाक्य जास्त बोलायचे. आज वारा हाय. आज ती कोंबडी दिसंना. माप माझ्या हातात आलं असतं तर हे सगळं थांबलं असतं.

म्हणून फोन केला नाही. पेजेत मीठ वाढवलं. लोणच्याची फोड दोनाची तीन केली. तीन दिवसांनी सिस्टरशी बोलताना तेराशे म्हटलं. अकरा दिवस मी आकडे लिहीत राहिले, आणि प्रत्येक आकडा लिहिताना मला माहीत होतं.

नवी कडी लागल्यावर आप्पा आकड्यानंतर कधी जास्तीचं वाक्य बोलले नाहीत. म्हणजे ते तर तसंही थांबलंच होतं.

नंतर.

पिशवी निघाली नाही. किडन्या सावरल्या, पण पुरत्या नाहीत, आणि मोठे डॉक्टर म्हणाले, ह्या अवस्थेत पुन्हा पोट उघडण्याचा धोका मी घेणार नाही. कॅलेंडरवरचा गोल केलेला दिवस आला त्या दिवशी आप्पा डायलिसिसच्या खाटेवर होते. पुढं आठवड्यातून दोनदा तेच.

माप मी घ्यायला लागले, दहाच्या रेघांच्या भांड्यात. सहाशे दहा, दोनशे सत्तर, तीनशे पाच. आप्पा चादरीवर पडून छताकडं बघत राहायचे. पिशवी बदलतानाही. मी कोमट पाण्यानं ते लाल तोंड पुसून घ्यायची, भोवतीची कातडी सोलली नाही ना बघायची, नवी पिशवी दाबून बसवायची. ते पोट आत ओढून घ्यायचे, तेवढीच त्यांची मदत.

दर तीन महिन्यांनी गाठीचं रक्त व्हायचं. प्रत्येक वेळी चांगलं आलं. एकदा दुर्बीण घालून जोड तपासला, तोही चांगला भरून आला होता. ज्यासाठी सगळं केलं ते सगळं चांगलं होतं. आप्पा चौदा महिने जगले. दवाखान्याशिवाय कुठं गेले नाहीत.

दिवस ५३. दुपार.

"तुला कवापासनं म्हाईत?" उत्तमनं विचारलं.

शेख मॅडमही पेन धरून थांबल्या होत्या. त्यांनाही ते लिहायचं होतं. सलाईनच्या नळीत थेंब पडत होते, आता भराभर.

"काल," मी म्हटलं.

"काल म्हंजे?"

"कालच कळलं."

"काल दिवसभर मी घरात हुतो की." त्याचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "मला का बोलली न्हाईस? कसं कळलं तुला काल?"

मी आत्तींकडं पाहिलं. त्या जमिनीकडं बघत होत्या.

"दार उघडलं," आप्पा म्हणाले.

सगळे वळले. त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते. मॅडम खाली वाकल्या. "बोलू नका, बाबा."

"वाऱ्यानं दार उघडलं. काल दुपारी." एकेक शब्दाला ते ओठ ओले करत होते, ओले होत नव्हते. "तवा बघितलं तिनं. मीच म्हटलं, कुणाला बोलू नगंस."

"कडी नवी हाय, आप्पा," उत्तम म्हणाला.

"लागली न्हवती नीट."

"पण..."

"काल," आप्पा म्हणाले, आणि डोळे मिटले.

उत्तमनं पुढं विचारलं नाही. आप्पांनी एकदा आकडा सांगितला की त्यावर पुन्हा विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. तो खिडकीकडं गेला, परत आला, आणि माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "जाऊ दे."

मॅडमनी केसपेपरवर लिहून घेतलं. नातेवाइकांच्या लक्षात आले, काल.

"एका दिवसानं तसा फार फरक पडला नसता," त्या मला म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.